पाकिटावरची कंपनी आणि सरकारचा आकडा

परभणीहून जिंतूरकडे निघाले की झरीच्या पुढे बोरी लागते. मृग जवळ आला की इथल्या कृषी सेवा केंद्रांच्या काउंटरवर कापसाच्या बियाण्याची पाकिटे रचलेली दिसतात. एखादे पाकीट हातात घेऊन नीट वाचावे. वाणाचे नाव, लॉट नंबर, उगवणशक्तीची टक्केवारी, चाचणीची तारीख, वजन, कमाल किंमत आणि शेवटी एका कंपनीचे नाव-पत्ता, एवढे सगळे त्यावर छापलेले असते. शेतकऱ्याच्या लेखी बियाणे त्या कंपनीचे. पण बोंडअळीला मारणारे जनुक बहुतेक वेळा त्या कंपनीने शोधलेले नसते; ते दुसऱ्या एका कंपनीकडून परवान्यावर घेतलेले असते. परवाना देणारी कंपनी आणखी दोन कंपन्यांच्या भागीदारीतून उभी राहिलेली असते आणि त्यांतल्या एकीची मालकी समुद्रापलीकडे असते. बियाणे प्रत्यक्ष पिकवलेले असते परराज्यातल्या एखाद्या शेतकऱ्याने, करारावर. सरकारी आकडेवारीने या साखळीत उत्पादक म्हणून कोणाला मोजायचे, तो कुठल्या जिल्ह्यात आहे असे धरायचे आणि त्याचा धंदा काय लिहायचा?

हा प्रश्न दिल्लीतल्या सांख्यिकी भवनातल्या चार अधिकाऱ्यांनी आपसात सोडवावा इतका किरकोळ नाही, असे माझे मत आहे. मोजणीचे एकक काय धरले यावर कोणते राज्य श्रीमंत, कोणता जिल्हा मागास, कोणता उद्योग वाढतो आहे आणि कोणाच्या हातात किती बाजार आहे, हे सगळे ठरते. मराठवाड्याने तरी या विषयाकडे पाठ फिरवू नये.

व्यवसायाच्या मोजणीत चार वेगवेगळ्या गोष्टी ‘कंपनी’ या एकाच नावाखाली वावरतात. बोरीतले दुकान, मानवतची जिनिंग, जालन्यातले बियाणे-प्रक्रिया केंद्र या आस्थापना: एका जागी चालणारे एक काम. त्यांच्यावर असते ती कायद्याने नोंदलेली कंपनी, जिच्या नावाने ताळेबंद निघतो, कर भरला जातो, खटला चालतो. तिसरी गोष्ट म्हणजे उपक्रम. काय बनवायचे, कुठे विकायचे, नफ्याचे काय करायचे हे ठरवण्याची बऱ्यापैकी मोकळीक ज्याच्याकडे आहे तो उपक्रम. ही मोकळीक कधी एका कंपनीकडे असते, तर कधी चार कंपन्या मिळून एक उपक्रम होतो, कारण त्यांतली एक फक्त जमिनीची मालक असते, दुसरी फक्त माणसे पुरवते, तिसरी फक्त बिले फाडते. आणि या सगळ्यांच्या वर समूह असतो: एका नियंत्रणाखालच्या साऱ्या कंपन्या, देशातल्या आणि देशाबाहेरच्याही.

आपल्याकडची आर्थिक गणना आस्थापना मोजते. पहिली १९७७ साली झाली, सहावी २०१३ साली. सहाव्या गणनेत देशभरात सुमारे ५.८५ कोटी आस्थापना आणि त्यांत काम करणारी सुमारे १३ कोटी माणसे नोंदली गेली. सातव्या गणनेचे क्षेत्रकाम २०१९ साली सुरू झाले, पण तिचे निष्कर्ष देशापुढे आले नाहीत. वार्षिक उद्योग पाहणी कारखाना मोजते. सेलू-मानवतच्या जिनिंग गिरण्या आणि बियाण्याची प्रक्रिया केंद्रे तिच्या कक्षेत येतात. एकाच मालकाचे एकाच राज्यात एकाच प्रकारचे दोन-तीन कारखाने असतील, तर एकत्र विवरण देण्याची सवलत ठरावीक अटींवर मिळते. एकूण ही पद्धत जागेला चिकटलेली आहे. जागा कळते, जिल्हा कळतो, काम करणारी माणसे कळतात.

३० जानेवारी २०१५ रोजी केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०११-१२ हे आधारवर्ष धरून राष्ट्रीय उत्पन्नाची नवी मालिका जाहीर केली. खाजगी कंपन्यांसाठी त्या मालिकेने कारखान्याऐवजी कंपनी हे एकक धरले. कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे कंपन्या जे वार्षिक हिशेब भरतात त्यांवरून मूल्यवर्धन काढायचे ठरले. युक्तिवाद चुकीचा नव्हता. कारखान्याच्या विवरणात मुख्यालय, संशोधन, जाहिरात, विक्री यंत्रणा सुटून जाते, ती कंपनीच्या हिशेबात सापडते. पण या बदलाने आणखी एक गोष्ट घडली. कारखानदारी करणाऱ्या कंपनीच्या मुख्यालयात बसून जे विपणन आणि व्यवस्थापन चालते, तेही आता कारखानदारीच्या खात्यात जमा होऊ लागले. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतले अर्थतज्ज्ञ आर. नागराज यांनी या मालिकेवर सातत्याने आक्षेप घेतले. हिशेब न भरणाऱ्या कंपन्यांचे उत्पन्न भरलेल्या भांडवलाच्या प्रमाणात फुगवून धरणे हा त्यांतला सर्वात गाजलेला आक्षेप. पुढे राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१६-१७ सालच्या सेवाक्षेत्रासाठी याच मंत्रालयाच्या यादीतून कंपन्या निवडल्या, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक कंपन्या एक तर जागेवर सापडल्या नाहीत किंवा यादीत लिहिलेला त्यांचा धंदा प्रत्यक्षात निराळाच निघाला. २०१९ मध्ये हा अहवाल बाहेर आला तेव्हा राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाढीच्या दरावर बराच वाद झाला. मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते: कंपनीला जिल्हा नसतो. तिला नोंदणीकृत पत्ता असतो, आणि तो बहुधा मुंबई, ठाणे किंवा पुण्याचा असतो.

देशाचे उत्पन्न कंपनीच्या हिशेबातून निघाले की ते राज्याराज्यांत वाटावे लागते. राज्याचे उत्पन्न मग जिल्ह्याजिल्ह्यांत वाटावे लागते. महाराष्ट्रात हे काम अर्थ व सांख्यिकी संचालनालय करते आणि जिल्हा उत्पन्नाचे तक्ते दरवर्षी आर्थिक पाहणीत छापून येतात. बऱ्याच क्षेत्रांत जिल्ह्याचा वाटा प्रत्यक्ष मोजलेला नसतो. कामगारांची संख्या किंवा तसलाच एखादा निर्देशक घेऊन राज्याच्या आकड्याचे तुकडे पाडलेले असतात. त्याच तक्त्यांवरून परभणीचे दरडोई उत्पन्न मुंबई-ठाण्याच्या किती मागे आहे हे आपण सांगतो. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने १९८४ साली प्रादेशिक अनुशेष सुमारे ३१८६ कोटी रुपयांचा काढला. तिने रस्ते, सिंचन, विजेचे पंप, दवाखाने अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी जिल्हावार मोजल्या. डॉ. विजय केळकर यांच्या समितीने २०१३ साली अहवाल दिला तोवर दरडोई उत्पन्नाच्या तुलनेला मोठे वजन आले होते. विहिरीवरचा पंप मोजताना एककाचा घोळ होत नाही. ज्या उत्पन्नाचा मोठा भाग समूहांच्या आतल्या व्यवहारांतून जन्मतो ते मोजताना होतो, आणि तो घोळ नेहमी मुख्यालयाच्या गावाच्या बाजूने झुकतो.

हे कसे घडते ते आपल्या शेजारच्या जालन्याच्या उदाहरणावरून पाहू. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महाराष्ट्र हायब्रिड सीड्स, म्हणजे महिको, सुरू केली. १९९८ साली बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि त्याच सुमारास अमेरिकेतल्या मोन्सँटोने महिकोत २६ टक्के भाग घेतला. दोघांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत महिको मोन्सँटो बायोटेक ही तिसरी कंपनी काढली. मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने महिकोच्या तीन बीटी संकरित वाणांना परवानगी दिली. २००६ मध्ये दुहेरी जनुकाचे बोलगार्ड-२ आले. तिसऱ्या कंपनीने हे तंत्रज्ञान देशातल्या चाळीसहून अधिक बियाणे कंपन्यांना परवान्यावर दिले. पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातल्या कापसाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर बीटी वाण पसरले.

आता हे बियाणे अधिकृत वर्गीकरणात कुठे-कुठे विखुरते ते पाहा. २००८ च्या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात पेरणीसाठी बियाण्यावर प्रक्रिया करणे हा शेतीशी जोडलेला धंदा आहे. करारावर बियाणे पिकवणारा शेतकरी नुसता शेतीत मोडतो. जनुकावरचे संशोधन व्यावसायिक व शास्त्रीय सेवांत जाते. परवाना देऊन स्वामित्वधन गोळा करणे हे अमूर्त मालमत्ता भाड्याने देण्याच्या सेवेत जाते, म्हणजे मोटारी आणि यंत्रे भाड्याने देणाऱ्यांच्या शेजारी. बोरीतले दुकान किरकोळ व्यापारात. पाकीट एक, पण त्याचे मूल्यवर्धन पाच खात्यांत फुटते, आणि ती पाच खाती पुन्हा जोडून पाहण्याची सोय कोणत्याही सरकारी तक्त्यात नाही.

स्वामित्वधनाचे आकडे तर समोर आहेत. सुरुवातीच्या वर्षांत ४५० ग्रॅमचे पाकीट सुमारे सोळाशे रुपयांना मिळे आणि त्यातले साडेबाराशे रुपये तंत्रज्ञानाचे शुल्क होते. २००६ साली आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेले आणि किंमत साडेसातशेवर आली. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने किंमत नियंत्रणाचा आदेश काढला. २०१६ च्या हंगामात बोलगार्ड-२ चे पाकीट ८०० रुपये ठरले, त्यात शुल्क ४९ रुपये. २०१८ मध्ये ७४० आणि ३९. २०१९ मध्ये ७३० आणि २०. २०२० मध्ये शुल्क शून्य. आकड्यांचा हा उतार म्हणजे दुसरे काही नसून शेतकऱ्याच्या खिशातला एकच पैसा वेगवेगळ्या एककांत कसा सरकत गेला त्याची नोंद आहे. शुल्क कमी झाले की अमूर्त मालमत्तेच्या सेवेतले मूल्यवर्धन घटते. बोरीच्या शेतात मात्र तेच बियाणे, तीच माती, तेवढीच सरकी पेरलेली. मूल्य कुठे निर्माण झाले हे सांगताना आपण खरे तर समूहाच्या आत किंमत कशी ठरली हेच सांगत असतो.

मग जून २०१८ मध्ये जर्मनीच्या बायरने मोन्सँटो विकत घेतली. भारतीय स्पर्धा आयोगाने मंजुरी देताना ज्या अटी घातल्या त्यांत महिकोमधला मोन्सँटोचा २६ टक्के भाग विकण्याचीही अट होती. सप्टेंबर २०१९ मध्ये मोन्सँटो इंडिया ही कंपनी बायर क्रॉपसायन्समध्ये विलीन झाली. मक्याचे बियाणे आणि तणनाशक आदल्या दिवशी जसे विकले जात होते तसेच दुसऱ्या दिवशीही विकले गेले. कंपन्यांच्या यादीत मात्र एक नोंद कमी झाली आणि दोन धंदे एका क्रमांकाखाली आले. तो क्रमांकही वाचण्यासारखा आहे. कंपनीच्या ओळखक्रमांकात पाच अंकी उद्योगसंकेत असतो. बायर क्रॉपसायन्सच्या क्रमांकातला २४२१० हा जुन्या वर्गीकरणातला कीटकनाशके बनवण्याचा संकेत आहे आणि पुढचे १९५८ हे नोंदणीचे वर्ष.  आता तीच कंपनी बियाणेही विकते. कंपनी हे एकक धरले की असे होणारच, कारण क्रमांक जन्माच्या वेळी मिळतो आणि धंदा नंतर वाढतो.

निम्म्या-निम्म्या भागीदारीच्या कंपनीचे आणखी अवघड आहे. समूहाच्या व्याख्येचा पाया नियंत्रण हा असतो आणि एका कंपनीवर नियंत्रण एकाचेच असू शकते असे गृहीत धरलेले असते. २०१३ च्या कंपनी कायद्यात उपकंपनीची कसोटी अर्ध्याहून अधिक मताधिकार किंवा संचालक मंडळ कसे असावे हे ठरवण्याची सत्ता अशी आहे. बरोबर अर्धे असेल तर मूल कोणाचे? महिकोचे म्हटले तर ते जालन्याच्या समूहात, मोन्सँटोचे म्हटले तर परदेशी समूहात. आणि ज्या चाळीसहून अधिक कंपन्यांनी परवाना घेतला त्यांचे काय? त्यांत परवाना देणाऱ्याचा एक रुपयाचाही भाग नाही, तरी शुल्क किती द्यायचे आणि परवाना केव्हा तुटायचा हे करार ठरवतो. यावर २०१५ पासून देशातल्या एका मोठ्या बियाणे कंपनीशी न्यायालयीन वाद चालला आणि तो उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय असा फिरून २०२१ मध्ये तडजोडीने मिटला. फेब्रुवारी २०१६ मध्ये स्पर्धा आयोगाने मोन्सँटो समूहाच्या व्यवहारांची चौकशी करण्याचा आदेश दिला, तेव्हा त्याने पाहिले ते संपूर्ण समूहाकडे. पाकिटावर छापलेल्या एका नावाकडे नव्हे.

करारावरच्या नियंत्रणाला समूहात धरू नये, असे मला वाटते. तसे धरले तर बियाण्याचा अख्खा धंदा एकाच समूहात जाऊन बसेल आणि स्पर्धा होती की नव्हती हे विचारण्याची सोयच उरणार नाही. समूहाची रेघ संचालक मंडळावरच्या सत्तेपाशी ओढावी, अर्ध्या-अर्ध्या कंपनीला दोन्ही समूहांशी जोडून पण दोघांपासून वेगळे ठेवावे, आणि परवान्याचा व्यवहार स्वतंत्र नोंदवावा: कोणी दिला, कोणाला दिला, किती रुपयांना. या तिन्ही नोंदी एका जागी असल्या तर अभ्यासकाला हवा तो अर्थ काढता येतो. एकच नोंद असली तर ती नोंद ठेवणाऱ्याचाच अर्थ सर्वांवर लादला जातो.

आपल्या देशाला समूह मोजण्याची सवय नव्हती असे कोणी म्हणू नये. मुंबई विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ आर. के. हजारी यांनी १९६० च्या दशकात खाजगी कंपन्यांच्या मालकी आणि नियंत्रणाचा जो अभ्यास केला, त्यात त्यांनी कंपनीच्या नावापाशी न थांबता भाग कोणाच्या हातात, संचालक कोण, व्यवस्थापकीय एजन्सी कोणाची हे एकेका कंपनीत शिरून पाहिले. त्यांचा ग्रंथ १९६६ मध्ये आला. त्याच्या आदल्या वर्षी न्या. के. सी. दासगुप्ता यांच्या मक्तेदारी चौकशी आयोगाने अहवाल दिला होता. १९६९ च्या मक्तेदारी कायद्यात ‘परस्परांशी जोडलेले उपक्रम’ अशी व्याख्या आली आणि २० कोटींहून अधिक मालमत्तेच्या समूहांची नोंद सुरू झाली. १९७० मध्ये व्यवस्थापकीय एजन्सीची पद्धतच बंद झाली. १९८५ मध्ये ही मर्यादा १०० कोटी झाली आणि १९९१ मध्ये मालमत्तेची अट काढून टाकली गेली. परवानाराज संपवणे आवश्यक होते, याबद्दल माझा वाद नाही. पण नियंत्रण उठवताना मोजणीही थांबवायची गरज नव्हती. नेमक्या त्याच वर्षांपासून परदेशी समूह मोठ्या प्रमाणावर देशात येऊ लागले, आणि सांख्यिकीच्या हातून समूह सुटला तो सुटलाच.

युरोपने १९९३ च्या नियमाने सांख्यिकीची आठ एकके ठरवली आणि उपक्रमाची व्याख्या निर्णयस्वातंत्र्यावर उभी केली. पण पुढची कित्येक वर्षे बहुतेक देशांनी सोय म्हणून नोंदलेली कंपनी म्हणजेच उपक्रम असे धरले. फ्रान्सने २००८ मध्ये कायद्यानेच उपक्रमाची आर्थिक व्याख्या केली आणि त्याच वर्षी युरोपीय समूहांची सामाईक नोंदवही सुरू झाली. आयर्लंडला धडा महागात मिळाला. जुलै २०१६ मध्ये तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने २०१५ ची वाढ २६.३ टक्के असल्याचे जाहीर केले. माणसे तेवढीच, कारखाने तेवढेच. काही बहुराष्ट्रीय समूहांनी आपली बौद्धिक मालमत्ता आयर्लंडमधल्या कंपन्यांच्या नावावर केली होती. पुढच्याच वर्षी सांख्यिकी कार्यालयाला उत्पन्नाचा वेगळा, सुधारित आकडा काढावा लागला. त्या कार्यालयात मोठ्या समूहांसाठी एक स्वतंत्र कक्ष २००९ पासून होता; एकेका समूहाचे सगळे हिशेब एकाच अधिकाऱ्यापुढे येतात, मग आयातीच्या तक्त्यात एक आणि उद्योगाच्या तक्त्यात दुसरे असे होत नाही. तो कक्ष नसता तर २६.३ टक्क्यांचे कारण शोधायलाच बराच काळ गेला असता.

आपल्याकडे माहिती नाही असेही नाही, फक्त ती वेगवेगळ्या कपाटांत आहे. परदेशी भांडवल असलेल्या कंपन्या दरवर्षी रिझर्व्ह बँकेला परकीय देणी-मालमत्तेचे विवरण देतात. २०१६ पासून मोठ्या बहुराष्ट्रीय समूहांना प्राप्तिकर खात्याला देशनिहाय अहवाल द्यावा लागतो. सध्याची मर्यादा ६४०० कोटी रुपयांच्या एकत्रित उलाढालीची. कंपनी कायद्याखाली एकत्रित ताळेबंद आणि उपकंपन्यांची यादी भरावीच लागते. पण यांतले काही सांख्यिकी खात्याच्या एका नोंदवहीत जोडले जात नाही. म्हणून परकीय गुंतवणुकीच्या तक्त्यात वर्षानुवर्षे मॉरिशस आणि सिंगापूर सर्वात वर दिसतात. पैशाच्या मागे खरा मालक कोणत्या देशातला हे त्यावरून कळत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मला मान्य आहे. समूह ही कायद्याने व्यक्ती नाही. तिला नोटीस देता येत नाही, तिच्याकडून विवरण मागता येत नाही. व्होडाफोनच्या खटल्यात केमन बेटांवरच्या एका कंपनीच्या मालकीबदलातून भारतातला मोठा धंदा हस्तांतरित झाला आणि २० जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदेशीर रचनेचा मान राखत कर लागत नाही असा निकाल दिला. न्यायालयाला तसे पाहावे लागते. सांख्यिकीला तसे पाहण्याचे बंधन नाही, कारण तिला कोणाकडून काही वसूल करायचे नाही. तिने विवरण कंपनीकडूनच घ्यावे, एकक मात्र स्वतः बांधावे.

गोपनीयतेचा आक्षेप त्याहून अवघड. २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्याने एखाद्याची ओळख उघड होईल असा आकडा छापता येत नाही. परभणी जिल्ह्यात एखाद्या वर्गात एकच मोठी कंपनी असेल तर तो तक्ता रिकामाच ठेवावा लागेल. समूह मोजला की ही अडचण वाढते, कारण समूह थोडे आणि मोठे. उपाय एवढाच की जिल्ह्याच्या पातळीवर आस्थापनेचा आकडा, राज्याच्या पातळीवर उपक्रमाचा आणि देशाच्या पातळीवर समूहाचा आकडा छापायचा. जोडणी मात्र तिन्ही पातळ्यांवर नोंदवहीत कायम ठेवायची.

कोणी म्हणेल, बोरीत समूह आहेच कुठे? दुकाने घरगुती, जिनिंग खाजगी, शेती कुटुंबाची. पण समूह बोरीत आस्थापनेवाचून येतो. कंपनीचा माणूस मोटारसायकलवर गावोगाव फिरतो, शेतात प्रात्यक्षिकाचे प्लॉट लावतो, पीक पाहणीचे कार्यक्रम घेतो. त्याला इथे कार्यालय नसते, अनेकदा तो कंपनीच्या पटावरही नसतो. मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या पटावर असतो. त्याचे काम जिंतूर तालुक्यात, पगाराची नोंद तिसरीकडे, आणि वर्ग मनुष्यबळ पुरवठ्याच्या सेवेचा. देऊळगाव राजा भागात शेडनेटखाली भाजीपाल्याचे बियाणे पिकवणारी कुटुंबे अशाच अदृश्य रेघेवर उभी आहेत: मूळ बियाणे कंपनीचे, खरेदीदार कंपनी, तपासणी कंपनीची, आणि हिशेबात तो शेतकरी स्वतंत्र. उत्पादनाचे निर्णय दुसऱ्याने घ्यायचे आणि धोका मात्र शेतकऱ्याने सोसायचा, ही परिस्थिती मोजणीत कुठेच दिसत नाही.

धोक्याची ही विभागणी २०१७ च्या गुलाबी बोंडअळीत सगळ्यांनी पाहिली. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात सरकारने कोरडवाहू कापसासाठी हेक्टरी ३०,८०० रुपये जाहीर केले, त्यातले १६,००० बियाणे कंपन्यांकडून येतील असे धरून. त्यासाठी शेतकऱ्यांनी ‘जी’ नमुन्याचे फॉर्म भरले: वाण, लॉट नंबर, कंपनीचे नाव, सोबत खरेदीची पावती. फॉर्ममध्ये ज्या कंपनीचे नाव लिहिले गेले ती पाकिटावरची. ज्या जनुकाला अळी दाद देईनाशी झाली त्याच्या मालकाचे नाव लिहायला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

जोडणीचे साधन तर बोरीतल्या कोणत्याही पक्क्या बिलावर छापलेले आहे. बियाण्यावर जीएसटी नाही, पण कीटकनाशकावर आहे, आणि ते दुकानात येते त्या बिलावर पंधरा अक्षरांचा क्रमांक असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरे म्हणजे विकणाऱ्याचा पॅन. एकाच कंपनीला प्रत्येक राज्यात वेगळा क्रमांक घ्यावा लागतो आणि एका राज्यातल्या कंपनीने स्वतःच्याच दुसऱ्या राज्यातल्या शाखेला माल पाठवला तरी तो कराच्या दृष्टीने व्यवहार ठरतो. जुलै २०१७ पासून राज्यपातळीचे एक नवे एकक अशा रीतीने आपोआप तयार झाले आहे. पॅनवरून कंपनी कळते, कंपनीच्या ताळेबंदासोबतच्या उपकंपन्यांच्या यादीवरून समूह कळतो. राज्याच्या खाली उतरायला मात्र हा क्रमांक पुरत नाही. तिथे आर्थिक गणनेतली आस्थापनांची यादी लागते, आणि ती २०१३ पासून शिळी होत चालली आहे.

परभणीचे जिल्हा सांख्यिकी कार्यालय दरवर्षी जिल्ह्याचे सामाजिक व आर्थिक समालोचन काढते. त्यात कारखाने, बँका, दुकाने, कृषी निविष्ठांची विक्री हे सगळे असते. त्यात एक तक्ता वाढवावा: जिल्ह्यातल्या नोंदणीकृत आस्थापनांपैकी किती स्वतंत्र, किती राज्यातल्या समूहाच्या, किती परदेशी समूहाच्या, आणि प्रत्येक गटात माणसे किती. सोबत दुसरा तक्ता असावा तो जिल्ह्यात विकल्या गेलेल्या बियाणे, खते आणि कीटकनाशकांचा, विकणाऱ्या समूहाच्या वर्गानुसार. परवानाधारक दुकानदार विक्रीची आणि साठ्याची माहिती कृषी खात्याला आजही देतातच; ती कंपनीच्या नावाने येते. तिच्यापुढे समूहाचा एक रकाना उघडायचा, एवढेच काम उरते.